तिकटीवरची डहाळी

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी तानाजीने तिकटीवर पिकअप थांबवली, खाली उतरून बाभळीची एक डहाळी मोडली, उजव्या वाटेच्या तोंडाशी ठेवली आणि तिच्यावर दगड ठेवला. डहाळीचा शेंडा उजवीकडे होता. त्याने तो दोनदा पाहिला. मग गाडीत बसून उजवीकडे वळला.

ही तिकटी, म्हणजे तिठा, जत तालुक्याच्या अगदी टोकाला आहे. तिथपर्यंत येणारा रस्ता मुरमाचा. पुढच्या दोन्ही वाटा मातीच्या. सरळ वाट सांगली जिल्ह्यातच राहते. उजवी वाट अडीच किलोमीटरवर कर्नाटकात शिरते. तिथे फलक नाही, चौकी नाही. चुना फासलेला एक दगड आहे. तो ओलांडला आणि फोन लागला नाही, तर न लागल्याचं बाई कानडीत सांगते, एवढाच फरक.

गाडीत एकतीस कोकरं होती, चार कोंबड्या होत्या आणि सगळं बिऱ्हाड होतं. कोकरांच्या आया मागे होत्या, नव्वद मेंढरांच्या कळपात. कळपाबरोबर दोन कुत्री आणि तानाजीचे वडील केरबा, वय एकाहत्तर.

माण तालुक्यातून निघालेल्या या धनगर घराचा चालण्याचा रिवाज जुना आहे. मेंढरं पीक काढलेल्या शेतांतून चरत, आपल्या गतीने येतात. ज्यांना एवढं चालवत नाही ती कोकरं आणि चूलभांडी आधी पुढे जातात. पूर्वी घोडीवर जायची. पुढे गेलेल्याने मुक्कामाला पोचून वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, ताणायची, पाणी बघायचं, चूल मांडायची. आणि वाटेत वळण असेल तर मागच्यासाठी खूण ठेवायची. खूण फक्त वळायचं असेल तरच. खूण नाही, याचा अर्थ सरळ या. मागून येणाऱ्याने खूण वाचली की ती उचलायची, नाहीतर आणखी मागून येणारा भलताच कळप तिच्या नादाने फसतो. उचललेली डहाळी मुक्कामावर आणून चुलीत घालतात.

चाळीस वर्षं हे पुढे जाण्याचं काम तानाजीच्या आईने, धोंडुबाईने केलं. श्रावणात घोडी मेली. दिवाळीत धोंडुबाईच्या गुडघ्यांनी दगा दिला. तानाजी मेमध्येच फौजेतून सुटून आला होता, सतरा वर्षं ट्रक चालवून. त्याआधी दहिवडीला वसतिगृहात होता. कळपाबरोबर तो कधी सलग महिनाभर चालला नव्हता. बायको आणि मुलगी साताऱ्यात, मुलीच्या शाळेसाठी खोली घेऊन राहतात. त्याने पिकअप घेतली आणि आईची जागा घेतली. हा चौथा आठवडा होता.

त्या दिवशी पहाटे निघताना केरबा गाडीच्या चाकाशी उभे राहिले होते.

"तिकटीला उजवीकडं," ते म्हणाले. "खूण ठिवायची इसरू नगं."

"आवं आबा, लेहपातूर गाडी नेलीया मी. हितं अकरा किलोमीटर हाय."

"लेहला मागं मेंढरं हुती का?"

तानाजी हसला. केरबा हसले नाहीत. त्यांनी मागच्या फळीवरून हात घालून एक कोकरू उचललं, त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवलं.

"ह्यातली सात चार दिसांच्या आतली हायती. बाकीची सांजपातूर दम काढत्याल. ही न्हाई काढायची. दुपारी एकाला मी येतोच, तवा पाजू."

"बरं."

"मिलिट्रीत वाटंला कसं करत हुता?"

"तिकटीवर झेंडी घिऊन माणूस उभा असतोय. सगळ्या गाड्या जाईपातूर हलत न्हाई त्यो."

केरबांनी त्यावर जरा विचार केला. "माणूस खायचं काम न्हाई कुणाचं," ते म्हणाले. एवढंच म्हणाले. तानाजीला वाटलं, झेंडीवाल्याचं कौतुक केलं.

मुक्काम शिवगोंडा नावाच्या शेतकऱ्याच्या लिंबाच्या बागेत ठरला होता. तीन रात्री मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात पाणी, जागा आणि धान्य. विहिरीला पाणी असेल त्या साली केरबा तिथेच जातात. तिकटीपासून बाग सात किलोमीटर. वाट दगडाची, मध्ये दोन ओढे, दोन्ही कोरडे. सव्वासातला तानाजी पोचला. शिवगोंडा बांधावर उभा होता, डोक्याला मफलर, हातात स्टीलचा तांब्या.

"म्हातारी कुठं?" त्याने आधी तेच विचारलं.

"गुडघं गेलं तिचं. औंदा मी आलोय."

"ड्रायव्हर?"

"पोरगा."

"बर्री, बर्री," म्हणजे या, या, असं म्हणत त्याने तांब्या पुढे केला. "म्हातारी आली की पयलं शिव्या द्यायची मला. पाणी का सोडलं न्हाई म्हणून. तुमी देत न्हाई?"

"सवय नाय अजून."

दहापर्यंत वाघर ताणून झाली. तानाजीने फौजेतल्या पद्धतीने केली. खुंट्या सरळ रेषेत, दोन्ही टोकांना तिढा दिलेली गाठ. कोकरं आत सोडली. ती थोडा वेळ हुंदडली, मग सावलीला एकमेकांना टेकून बसली. त्याने भाकरी थापल्या. नीट जमल्या नाहीत. तीन दगडांची चूल, एक पातेलं, दोन ताटं. दोन ताटं मांडून तो वाटेकडे तोंड करून बसला.

एक वाजला. वाटेवर कुणी नव्हतं.

ट्रक चालवताना त्याचा एक डोळा कायम आरशात असे. मागची गाडी दिसली पाहिजे, हा पहिला नियम. ती दिसेनाशी झाली तर थांबायचं, दिसेपर्यंत. सतरा वर्षांत त्याच्या मागची गाडी एकदाही हरवली नव्हती. इथे मागची गाडी पाच-सहा तासांनी येते, आणि आरशात पहिल्या मिनिटापासून धुळीशिवाय काही नसतं. याची सवय त्याला चार आठवड्यांत झाली नव्हती.

एक पन्नासला त्याने वडिलांचा नंबर लावला. रिंग गेली. तीच रिंग त्याला समोरूनही ऐकू आली. पिकअपच्या सीटखाली, चार्जरच्या वायरला केरबांचा बटणांचा फोन लोंबकळत होता. आदल्या संध्याकाळी चार्जिंगला लावला होता. लावणारा तानाजीच.

त्याने तो फोन बंद केला नाही. वाजू दिला. मग आईला लावला.

धोंडुबाई माणातल्या घरी एकटी होती. तिने पहिल्या रिंगला उचलला.

"पोचला का रं आबा?"

"न्हाई."

"किती वाजलं?"

"दोन व्हतील."

ती म्हणाली, "तिकटीला खूण ठिवलीस?"

"ठिवली की. दगड ठिवलाय वर. चांगला दोन किलोचा."

"कशाची ठिवलीस?"

"डहाळीची."

"आरं कशाची डहाळी?"

"बाभळीची. तिथं बाभळच हुती जवळ."

आवाज तुटत होता म्हणून तानाजी दोन पावलं उघड्यावर सरकला.

"आये?"

"आरं बाभळीचा पाला श्येरडं सोडत्यात व्हय?" धोंडुबाई म्हणाली. "गावची श्येरडं सकाळी त्याच वाटंनं चरायला निघत्यात. तरवड ठिवायचा. तरवडाला कोण तोंड लावत न्हाई. एवढं ठावं न्हाई तुला? धनगराचा हायस ना तू?"

"मला कुणी सांगितलंय?"

"सांगायचं काय त्यात!" ती म्हणाली, आणि मग आवाज खाली आला. "खरं हाय. कवा सांगणार तुला."

तानाजीला आबांचं पहाटेचं वाक्य आठवलं. माणूस खायचं काम न्हाई कुणाचं.

"खूण न्हाई म्हंजी सरळ," धोंडुबाई म्हणाली. "त्यो सरळ गेला आसंल. वरसाची वाट हाय त्याची, पर मागल्या साली शिवगोंडाच्या हिरीला पाणी न्हवतं, तवा म्होरं सरळ गेलो हुतो आमी. औंदाबी तसंच आसंल, पोरानं म्होरं चवकशी केली आसंल, आसं म्हणंल त्यो. तुझ्यावर इश्वास ठिवून गेला आसंल."

"मग मी जातो."

"पिल्लं संगं घे. आया जिथं घावतील तिथं पाज. बारकी किती हायती?"

"सात."

"पळ."

दोन पस्तीसला तो निघाला. बिऱ्हाड आणि कोंबड्या शिवगोंडावर सोपवल्या. शिवगोंडा म्हणाला, मी इथंच थांबतो, आले तर फोन करतो. कोकरं गाडीत चढवताना त्यातली दोन आपणहून उभी राहिली नाहीत. त्याने ती पुढे, शेजारच्या सीटवर पोत्यावर ठेवली.

तीन वाजून पाच मिनिटांनी तो तिकटीवर होता.

दगड जागच्या जागी होता. त्याच्याखाली डहाळीही होती. पाला नव्हता. सालही बरीच सोललेली होती, आणि पांढऱ्या पडलेल्या काडीवर काटे तेवढे शिल्लक होते. उरलेली काडी दगडाभोवती अर्धी फिरली होती. आता ती कुठेच दाखवत नव्हती. धुळीत नुसती एक काटकी पडलेली. रस्त्यावर अशा काटक्या शेकड्यांनी असतात. आजूबाजूला लेंड्या होत्या, शेळ्यांचे खूर होते, त्यांच्यावर मेंढरांचे खूर होते, त्यांच्यावर ट्रॅक्टरच्या टायरची नक्षी होती.

तरवड शोधायला त्याला दूर जावं लागलं नाही. वीस पावलांवर झुडूप होतं, पिवळ्या फुलांचं. सकाळीही ते तिथेच होतं. त्याने हाताएवढी फांदी मोडली, उजव्या वाटेच्या तोंडाशी ठेवली, शेंडा उजवीकडे केला आणि सकाळचाच दगड तिच्यावर ठेवला. कळप मागे फिरून आलाच तर उपयोगी पडेल म्हणून. मग सरळ वाटेला लागला.

ही वाट उजव्या वाटेहून वाईट होती. मध्ये गवत, दोन्ही बाजूंना चाकोऱ्या, चाकोऱ्यांत गुडघाभर खोल खड्डे. पहिल्या गिअरच्या वर जाता येत नव्हतं. वेगाने गेलं तर कोकरं एकमेकांवर पडत. डावीकडे शाळूची काढणी चालू होती, उजवीकडे लांबच लांब उघडा माळ. माळावर पवनचक्क्या फिरत होत्या. पाच किलोमीटरमध्ये त्याला एकच माणूस भेटलं.

ती बनुबाई. साठीची असेल. एकटी शाळू उपटत होती. बांधावर एक शेळी बांधलेली होती. पावणेचार झाले होते.

"मावशी, मेंढरं गेली का हिकडनं? एक म्हातारा माणूस, दोन कुत्री."

"गेली की. अकरा वाजता." तिने पेंढी खाली टाकली. "पाणी प्याला हितं. भला माणूस. मेंढरं पिकाला लागू दिली न्हाईत त्यानं."

"काय म्हणला?"

"म्हणला, म्होरं पांढरी गाडी गेली का? म्हणलं, गेली."

तानाजी गाडीतून खाली उतरला. गाडी पांढरीच होती. बनुबाईने तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या कोकरांकडे.

"कवा गेली?" त्याने विचारलं.

"सकाळी. साताला." ती थांबली. "ती दुधाची हुती. रोज जाती. डेअरीची. त्यानं पांढरी इचारली, मी पांढरी सांगितली."

"बरोबर हाय. तुमची काय चूक."

"आरं द्येवा." बनुबाईने कमरेचा विळा काढून खाली ठेवला. "तरीच. मेंढ्या लय वरडत हुत्या. कासा तटाटून आल्या हुत्या. मी म्हणलंबी त्याला, पिल्लं कुठायत रं बाबा ह्यांची? म्हणला, पोरगं घिऊन म्होरं गेलंय."

तिने शेळी सोडून आणली. तांब्याभर दूध निघालं. तानाजीकडे बाटली होती, रबरी बोंडी होती. धोंडुबाईने निघताना गाडीच्या खणात ठेवलेली. पाच कोकरांनी दूध घेतलं. त्यातल्या एकाने अर्धवट. सीटवरच्या दोघांनी तोंड उघडलं नाही. बनुबाईने बोट दुधात बुडवून त्यांच्या टाळूला लावलं. एकाने जीभ हलवली. दुसऱ्याने तीही नाही.

"ह्येला आयचाच वास लागंल," ती म्हणाली. "तू मिलिट्रीतला व्हय रं?"

"कशावरनं?"

"गाडी लावायची तऱ्हा. एवढ्या माळावर कोण बघतंय, तरी काठाला लावलीस."

तिने पाच मिनिटं जास्तीची घेतली, बाटली धुऊन दिली, आणि पुढे गेल्यावर दूध संकलनाची खोली लागेल, तिथे आप्पासो म्हणून माणूस बसतो, त्याला विचार, असं सांगितलं. नंतर ती परत शाळूत वाकली. तानाजीने आरशात पाहिलं तेव्हा तिची पाठ दिसत होती. पुढच्या वळणापर्यंत दिसली.

चार पस्तीसला वाट संपली. पत्र्याची एक खोली, समोर कडुनिंब, कडुनिंबाखाली पांढरी पिकअप. तानाजीच्या गाडीसारखीच, त्याच कंपनीची, फक्त हिच्या मागे कॅन होते. आप्पासो खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. तो बोलका होता. दिवसभरात त्याच्याशी बोलायला दोन वेळा दूध घालायला येणाऱ्यांखेरीज कुणी नसतं.

"साडेबाराला आलं म्हातारबा," आप्पासो म्हणाला. "ह्या गाडीजवळ आलं. भोवतीनं फिरलं एकदा. आत वाकून बघितलं. कॅनला हात लावला. मग कायबी बोललं न्हाई. त्या कडुलिंबाखाली बसलं अर्धा तास."

"तुमी काय इचारलं न्हाई?"

"इचारलं की! म्हणलं, कुणाला हुडकताय, फोन लावू का? म्हातारबा म्हणलं, फोन गाडीत हाय. मी म्हणलं, नंबर सांगा. त्ये म्हणलं, नंबर फोनात हाय." आप्पासो हसला, आणि तानाजी हसत नाही, हे पाहून थांबला. "म्हणलं, म्होरं कोण गेलंय तुमचं? त्ये म्हणलं, पोरगं. मिलिट्रीत हाय."

"हाय म्हणला?"

"हाय म्हणला. का? न्हाईस?"

"मेमध्ये सुटलो."

"मग त्यांस्नी सांगितलं न्हाईस वाटतं," आप्पासो म्हणाला. चेष्टा होती, तानाजीने ती चेष्टा म्हणून घेतली.

कळप सव्वाएकला उठला होता. आल्या वाटेने गेला नव्हता. केरबांनी समोरच्या माळाकडे बोट करून आप्पासोला विचारलं होतं, ह्याच्या पल्याड तिकटी लागंल का. आप्पासोने सांगितलं होतं, लागंल, पण अल्याडनं वढ्याला लागलात तर थेट कर्नाटकात उतराल. मग कुत्री पुढे, मेंढरं मधे, म्हातारबा मागे, असे ते माळावर चढले. आप्पासोला ते अर्धा तास दिसत होते.

"त्या तिसऱ्या पवनचक्कीपातूर," तो म्हणाला. "मग मी आत गेलो."

माळावर गाडी चढत नव्हती. तानाजीने दोनदा चढवून पाहिली. चाकं मुरमात घसरली. गाडी कडुनिंबाखाली, त्या दुसऱ्या गाडीशेजारी लावली. सीटवरच्या दोघांपैकी एक कोकरू पोत्यात गुंडाळून काखेत घेतलं, आणखी एक मोठं, दहा दिवसांचं, चांगलं ओरडणारं, दुसऱ्या हाताला. तिसऱ्या पवनचक्कीपर्यंत चढायला त्याला वीस मिनिटं लागली.

वरून तीन बाजू दिसत होत्या. उजवीकडे तिकटीचा रस्ता, धुळीची बारीक रेघ. समोर ओढ्याची झाडी. पलीकडे कर्नाटकातली बागायत, हिरवी, तुकड्यातुकड्यांची. मेंढरं कुठेच नव्हती. खालच्या खडकावर खूर उमटत नाहीत. तानाजीने हाक मारली. केरबा कळपाला एक लांब आवाज देतात, घशातून निघणारा, शेवटी वर जाणारा. तो तानाजीला येत नव्हता. त्याने शीळ घातली. शीळ पवनचक्कीच्या घरघरीत गेली.

मग त्याने मोठं कोकरू दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं. ते ओरडलं. पुन्हा ओरडलं. आई ऐकेल तर उत्तर देईल, एवढं त्याला माहीत होतं. एवढं वसतिगृहातून सुटीत आलेल्या मुलालाही माहीत असतं. तो तिन्ही बाजूंना वळून उभा राहिला, प्रत्येक बाजूला मिनिटभर. कोकरू ओरडत राहिलं. पातं फिरायचं, घरघर वाढायची, कमी व्हायची. कमी झाली की तो कान देई. साडेपाच वाजेपर्यंत त्याने हे केलं.

उत्तर आलं नाही. पोत्यातल्या कोकराने माळावर दोन वेळा पाय झाडले.

आप्पासोने दुधाची पिशवी दिली. ड्रायव्हरच्या खिडकीत वाकून तो म्हणाला, "जनावर हरवत न्हाई रं. म्हातारी माणसंबी हरवत न्हाईत. त्यांस्नी वाट ठावं असती."

"त्यांस्नी ठावं हाय," तानाजी म्हणाला. "ते माझ्यामागनं चालल्यात, ही अडचण हाय."

परतीला उतार होता. बनुबाईच्या शेतात कुणी नव्हतं. पेंढ्या ओळीने रचलेल्या होत्या. सहा चाळीसला तो तिकटीवर पोचला. सूर्य मावळला होता. अजून दिसत होतं.

तरवडाची फांदी तिथे नव्हती.

तो गाडीचे दिवे लावून खाली उतरला. दगड होता. ठेवला होता तिथे नव्हता, हातभर बाजूला, वाटेच्या कडेला होता. फांदीचा एक तुकडा नाही, एक पान नाही. पिवळ्या फुलाची एकच पाकळी धुळीत चिकटलेली सापडली. तरवड कुणी खात नाही. म्हणजे उचलली. किंवा ट्रॅक्टरच्या टायरला लागून गेली. टायरची नवी नक्षी उजव्या वाटेवर उमटलेली होती. किंवा परतणाऱ्या शेळ्यांमागच्या कुणी हाकायला घेतली. शेळ्यांचे खूरही नवे होते. त्यांच्यात मेंढरांचेही असतील. सकाळचे कुठले, संध्याकाळचे कुठले, हे केरबांना एका नजरेत कळलं असतं. तानाजी गुडघ्यावर बसून पाहत राहिला.

सहा सेहेचाळीसला त्याने शिवगोंडाला फोन लावला.

"अजून कोणी न्हाई," शिवगोंडा म्हणाला. "मी बॅटरी घेऊन बांधावर हाय. तुझी ऊटा झाली? जेवलास?"

केरबांनी साडेपाचला फांदी उचलली असेल, तर कळप आता वाटेत, मधल्या कुठल्या तरी ओढ्यात असेल; अडीच तासांची वाट आहे. कळप वाटेत असला काय, भलतीकडे गेला असला काय, शिवगोंडाचं उत्तर दोन्हीकडे लागू होतं.

सहा बावन्नला त्याने आईला लावला.

"आये, फांदी न्हाई जाग्यावर."

"तरवडाचीच हुती ना?"

"तरवडाचीच. माझ्या हातानं ठिवलेली."

"दगूड?"

"हाय. बाजूला हाय. कडंला."

"कसा पडलाय?" धोंडुबाईचा आवाज बदलला होता. "आरं, उचलून ठिवलाय का ढकललाय? तुझा आबा दगूड ढकलत न्हाई कवा. उचलून कडंला पालथा ठिवतो, मागनं येणाऱ्याच्या ठेचंला नगं म्हणून. चाळीस वर्सं तसाच ठिवतो. मातीची बाजू वर हाय का खाली?"

तानाजीने फोनची बॅटरी दगडावर धरली. दोन किलोचा काळा दगड. एका बाजूला माती चिकटलेली, एका बाजूला धूळ. तो कडेवर उभा होता, वाटेच्या उंचवट्याला टेकून.

"उभा हाय," तो म्हणाला.

"उभा म्हंजी?"

"कडेवर. पालथाबी न्हाई, उलथाबी न्हाई."

धोंडुबाईच्या बाजूला एक कोंबडी ओरडली, एवढं ऐकू आलं.

"आये, सांग की. कुणी ठिवलाय?"

"थांब रं. मला इचार करू दी."

सहा अठ्ठावन्नला फोन तुटला. परत लागला नाही. लागत नसल्याचं बाईने आधी मराठीत आणि मग कानडीत सांगितलं. गाडीचे दिवे उजव्या वाटेवर पडलेले होते. पहिल्या वळणापर्यंत वाट मोकळी होती. गाडीत एकतीस कोकरं होती. त्यातली एकोणतीस उभी होती आणि ओरडत होती.